ओरेस्टच्या तळघरातलं ऊन

बटण दाबल्यापासून दिवा पुरता पेटायला चार मिनिटं वीस सेकंद लागत. डार्का सावचिनने हे घड्याळ लावून मोजलं होतं, तेही एकदा नव्हे, तीनदा. आधी काचेच्या नळीत एक निळसर पांढरा ठिपका थरथरे. मग तो गुलाबी होई. मिनिटभराने कोपऱ्यातल्या बादल्यांच्या कडा दिसू लागत, आणि शेवटी सगळं तळघर हळदीत बुडवून काढल्यासारखं पिवळंधमक होऊन जाई. तिसऱ्या खेपेला चार मिनिटं एकोणीस सेकंदच भरले होते. तो एक सेकंद तिला अजून खुपत होता.

दिवा ओरेस्ट ह्नात्युकचा होता. तो मूळचा कॉपर नॅरोज या त्यांच्या खाणीच्या गावातल्या कर्लिंगच्या, म्हणजे बर्फावर दगड सरकवायच्या खेळाच्या, मैदानावरचा. हजार वॅटचा, सोडियमचा, रस्त्यावरच्या पिवळ्या दिव्यांचा थोरला भाऊ. ऑगस्टमध्ये मैदानाच्या कमिटीने नवे एलईडी बसवले आणि जुने दिवे भंगारात काढले. ओरेस्टने खाणीच्या खनिज दळायच्या गिरणीत अडतीस वर्षं वीजतंत्री म्हणून काढली होती. चालू स्थितीतला चोक भंगारात जाताना बघणं त्याच्या जिवाला सोसण्यासारखं नव्हतं. एक दिवा, त्याचा चोक आणि टोपलीएवढा परावर्तक त्याने ढकलगाडीवर घालून घरी आणला. तळघराच्या छताला एकच हूक होता आणि जोडणीही एकच. तिथली ट्यूब काढून त्याने हा दिवा साखळीने टांगला आणि खाली बादल्यांमध्ये टोमॅटोची अकरा रोपं लावली.

एवढ्यावर थांबला असता तर तो ओरेस्ट कसला. सप्टेंबरमध्ये चर्चच्या हॉलमध्ये सुगीचं जेवण होतं. तिथे बीटच्या सुपाची दुसरी वाटी संपवून तो उभा राहिला आणि चमच्याने ग्लास वाजवून म्हणाला, "यंदा मलांकाच्या जेवणाला सगळ्या हॉलला टोमॅटोचं सॅलड माझ्याकडून. माझ्या तळघरातलं. लालबुंद!"

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. मलांका तेरा जानेवारीला, म्हणजे जुन्या पंचांगाच्या वर्षअखेरीला. त्या दिवसांत कॉपर नॅरोजमध्ये पारा उणे तिशीच्या खाली असतो. दुकानातले टोमॅटो हजारो किलोमीटर ट्रकमधून येतात आणि चवीलाही ट्रकसारखेच लागतात. म्हणून सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. डार्काने वाजवल्या नाहीत. ती मनात हिशेब करत होती की एकाच दिव्यावर अकरा रोपांची फळं पिकायला किती दिवस लागतील, आणि तिचा आकडा तेरा जानेवारीच्या बराच पुढे जात होता.

डार्काचं सगळं आयुष्य आकड्यांत गेलं होतं. खाणीच्या प्रयोगशाळेत ती एकतीस वर्षं खनिजातलं तांबं मोजत होती. एक नमुना तीनदा तपासायचा, तिन्ही उत्तरं जुळली तरच कागदावर सही करायची, ही तिची रीत. वरिष्ठांनी कितीही घाई केली तरी ती म्हणे, "दोन झालेत. तिसरं व्हायचंय." निवृत्तीच्या दिवशी तिला भेट दिलेल्या केकवरही कुणीतरी साखरेने '३' काढला होता.

तर अशा बाईला ओरेस्टने दीड वर्षापूर्वी लग्नाचं विचारलं होतं. विचारलं तेही हार्डवेअरच्या दुकानात, खिळ्यांच्या रांगेत. दोघं एका शाळेतली. तिचा नवरा मिरॉन जाऊन नऊ वर्षं झाली होती, त्याची बायको जाऊन सात. डार्का म्हणाली होती, "बघते." तेव्हापासून ओरेस्ट महिन्यातून एकदा, न चुकता, हवापाणी विचारावं तसं विचारायचा, "काय, बघितलंस का?" आणि ती म्हणायची, "बघतेय."

दुसरीकडे केलोनाहून तिची धाकटी बहीण मारुस्या दर रविवारी फोन करायची. तिच्याकडे तळ्याकाठी खोली रिकामी होती, खिडकीबाहेर जर्दाळूचं झाड होतं, बर्फ नावापुरता. "ताई, येतेस की नाही ते एकदाचं सांग." डार्का म्हणायची, "अजून ठरलं नाही गं." हे भिजत घोंगडं असंच पडून राहिलं असतं, पण डिसेंबरात मारुस्याने निर्वाणीचं सांगितलं. "एक नर्स खोली मागतेय, पहिल्या फेब्रुवारीपासून. मी तिला चौदा जानेवारीपर्यंत थांबवलंय. त्या रविवारी मला हो किंवा नाही पाहिजे. 'बघते' चालणार नाही."

ओरेस्ट तिला आवडत होता, हे डार्काला ठाऊक होतं. तीनदा तपासलेलं होतं. अडत होतं ते निराळ्याच ठिकाणी. आपण सहासष्टाव्या वर्षी नवरी म्हणून उभं राहणार आणि सगळा गाव हसणार, या विचाराने तिच्या पोटात गोळा यायचा. तिला आयुष्यात कुणी हसलं नव्हतं. हसण्यासारखं तिने काही होऊच दिलं नव्हतं.

*

नोव्हेंबर लागला आणि ओरेस्टच्या तळघराची कीर्ती पसरली. बाहेर चार वाजता अंधारायचं, आणि खाली एक पिवळा सूर्य पहाटे पाचपासून रात्री नऊपर्यंत तळपत असायचा. शिवाय चोकची ऊब. ओरेस्टची शेजारीण पेत्रुन्या बाझ्युक एकदा कपभर साखर मागायला आली ती खाली उतरली, आणि दुसऱ्या दिवशी समुद्रकाठची घडीची खुर्ची काखेत मारून आली. बिनबाह्यांचा फुलाफुलांचा झगा, डोळ्यांवर काळा चष्मा, पायात सपाता.

"अगं बाई, हे काय!" डार्का म्हणाली.

"काय म्हणजे? मेक्सिको!" पेत्रुन्या खुर्चीत पसरली. "माझी सून सहा हजार डॉलर घालून गेली तिकडे. मी साठ पावलं चालून आले. ओरेस्ट, जरा थंड काहीतरी आण रे, उकडतंय."

"बाहेर उणे एकोणतीस आहे," ओरेस्ट म्हणाला.

"म्हणूनच म्हणते, थंड बाहेरच ठेवलेलं असेल. आण."

हळूहळू आणखी चारपाच खुर्च्या आल्या. फादर बोहदान गुडघ्याला ऊब मिळते म्हणून येऊ लागले आणि पहिल्या आठवड्यानंतर पांढरा गळपट्टा काढून बसू लागले. टोमॅटोची रोपं या माणसांच्या डोक्यांवरून वाकून वाढत होती. उठताना जपून उठायचं, नाहीतर ओरेस्ट ओरडायचा, "फूल! फुलाला धक्का!" परागीभवनासाठी तो दर सकाळी विजेचा टूथब्रश घेऊन एकेका फुलाच्या देठाला लावत असे. टूथब्रश जुना होता, असं तो सगळ्यांना आवर्जून सांगे.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात पोलीस आला. हा गोद्री नावाचा नवा शिपाई, दक्षिणेकडून नुकताच बदलून आलेला. तळघराच्या चिमुकल्या खिडकीतून बर्फावर पडलेला केशरी चौकोन त्याने गाडीतून पाहिला. शिवाय गल्लीतल्या सगळ्या छपरांवर दोन फूट बर्फ आणि याच घराच्या त्या कडेला भिंतीलगत ओली माती. त्याला जो वास यायचा तो आला.

"काका, तळघर बघू का जरा?" दारात उभं राहून तो गंभीरपणे म्हणाला.

"बघ की. बूट काढ पण," ओरेस्ट म्हणाला.

गोद्री मोज्यांवर खाली उतरला. त्याला दिसलं ते असं: अकरा बादल्या, काळ्या चष्म्यातली पेत्रुन्या, बनियनमध्ये एक धर्मगुरू आणि एका कोपऱ्यात मान खाली घालून भरतकाम करणारी एक बाई.

"गांजाची चार झाडं घरात कायद्याने चालतात," तो घसा खाकरून म्हणाला. "ही अकरा आहेत."

"टोमॅटोला पण मर्यादा आली का?" पेत्रुन्याने चष्मा नाकावर ओढून विचारलं. "मग मला पकड बाबा. माझ्याकडे काकडीपण आहे, बरणीत."

गोद्रीने एक पान चुरून हुंगलं. मग दुसरं. मग त्याने जाकीट काढलं, कारण घाम फुटला होता, आणि पेत्रुन्याने पुढे सरकवलेल्या स्टुलावर बसला. नंतर ड्यूटी संपली की तोही यायचा. मात्र ओरेस्टने त्याच संध्याकाळी खिडकीला आतून चंदेरी कागद लावून टाकला. पुन्हा कुणी वर्दी द्यायला नको, आणि दिव्याचा उजेड परतून झाडांवर पडेल तो वेगळा फायदा. दिव्यापुढे नाहीतरी न जाणवणारा बाहेरचा उजेड त्या दिवसापासून पुरताच बंद झाला.

*

आता डार्का त्या कोपऱ्यात काय करत होती, ते सांगायला हवं. ती रुश्निक भरत होती. विचारलं की सांगे, "चर्चच्या बाजारासाठी." हे म्हणजे ताकाला जाऊन भांडं लपवण्यातलं होतं. लांब पांढऱ्या कापडाच्या दोन्ही टोकांना तिने लाल-काळी वेलबुट्टी घेतली होती, आणि मधोमध चोचीला चोच लावून बसलेली पक्ष्यांची जोडी. असा पक्ष्यांचा रुश्निक फक्त एकाच कामाला येतो. नवरानवरी त्यावर उभी राहतात. डार्काने ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात कापड हातात घेतलं तेव्हा तिने स्वतःला सांगितलं होतं की हा फक्त नमुना आहे. निर्णय झालेला नाही. नमुना करून बघायला काय हरकत?

घरी हे काम शक्य नव्हतं, कारण पेत्रुन्याला डार्काच्या घरी येऊन कपाटं उघडायची सवय होती. ओरेस्टकडे ती हे करत नसे. त्याच्या कपाटांत फक्त वायरी होत्या. म्हणून रुश्निक, सुया आणि दोरे बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात घालून तिने तो तळघरातल्या बाकाखाली ठेवला. पेत्रुन्या आली की पक्षी गुंडाळायचे आणि काठाची वेल पुढे घ्यायची. ओरेस्टपासून लपवायची गरजच नव्हती. त्याने एकदा वाकून पाहिलं आणि म्हणाला, "छान आहेत कोंबड्या."

दोऱ्यांच्या बाबतीत तिने जराही हयगय केली नव्हती. तिच्या सासूच्या पेटीतल्या जुन्या लड्या होत्या, कसलीही चिठ्ठी नसलेल्या. त्या तिने स्वयंपाकघराच्या खिडकीत, दुपारी बारा वाजता, उत्तरेच्या उजेडात निवडल्या. काळ्या एका पाकिटात, लाल दुसऱ्या, आणि नको असलेल्या जांभळ्या, गडद हिरव्या, निळ्या, विटकरी, गुलाबी अशा रंगांच्या आणखी पाच पाकिटांत. पाकिटांवर क्रमांक. कारण तिला पक्कं ठाऊक होतं की सोडियमच्या उजेडात रंग बघायचा नसतो. त्यात निळ्या-हिरव्याचा अंश जेमतेम असतो. काळा, जांभळा, गडद हिरवा, सगळे एकाच काळोखात जमा होतात. प्रयोगशाळेत रंग बदलण्याचा क्षण टिपायचा असे, तिथे पिवळा दिवा लावणाऱ्या नवशिक्याला तिने एकदा रडवलं होतं.

ओरेस्टलाही तिने सांगून पाहिलं. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात टोमॅटो मुठीएवढे झाले होते आणि दिव्याखाली केशरी झळाळत होते. खुर्च्यांवरचं मंडळ एकमताने म्हणत होतं, पिकले.

"ओरेस्ट, या उजेडात फळाचा रंग कळत नाही," ती म्हणाली. "एक तोडून वर ने. खिडकीत बघ."

"मलांकापर्यंत एकालाही हात लागणार नाही," ओरेस्ट म्हणाला. "शब्द म्हणजे शब्द. आणि डार्काबाई, टोमॅटो ओळखायला मला प्रयोगशाळा लागत नाही."

"तुझी मर्जी."

"माझी आई नुसत्या वासावरून सांगायची."

"तू वास घेतलास?"

"मला सर्दी आहे."

दहा तारखेला दुपारी वीज गेली. गेली आणि तीन सेकंदांत परत आली. वर फ्रीज घरघरू लागला, पण तळघरातला दिवा काही लागेना. हे सोडियमच्या दिव्याचं नेहमीचंच. एकदा तापलेला विझला की गार होईपर्यंत पुन्हा पेटत नाही. त्या वेळी खाली फक्त ते दोघं होते. काळाकुट्ट अंधार, पानांचा कडवट हिरवा वास आणि गार होताना टिक्-टिक् वाजणारा परावर्तक.

"दहा-बारा मिनिटं लागतील," ओरेस्टचा आवाज आला. "घाबरू नकोस."

"मी कशाला घाबरू?"

"मग मी घाबरतो, तू धीर दे." त्याने नाक शिंकरलं. मग म्हणाला, "रविवारी मारुस्याचा फोन ना?"

"तुला कुणी सांगितलं?"

"पेत्रुन्याने. म्हणजे गावाने." बादली सरकल्याचा आवाज झाला. "काय, बघितलंस का?"

अंधारात बोलणं सोपं होतं. कुणाचा चेहरा दिसत नव्हता, आपलाही दिसत नव्हता. डार्काने मनात वाक्य जुळवलं. ते तपासलं. पुन्हा जुळवलं. तिसऱ्यांदा जुळवून तिने तोंड उघडलं, आणि डोक्यावर निळसर ठिपका थरथरला. ओरेस्टचं नाक दिसू लागलं, मग कान, मग तिच्याकडे वळलेले दोन्ही डोळे.

"बघतेय," डार्का म्हणाली.

*

मलांकाच्या दिवशी उणे चौतीस होतं. डार्का सकाळपासून हॉलच्या स्वयंपाकघरात कोबीच्या पानांत भात गुंडाळत होती. दोनशे चाळीस होलुब्त्सी, प्रत्येकी एकाच मापाचे. त्यामुळे ओरेस्टने टोमॅटो कसे तोडले आणि कसे आणले, हे तिने पाहिलं नाही. त्याने सगळे दिव्याखालीच तोडले. फारच कडक लागले तेव्हा तो स्वतःला म्हणाला, ताजे आहेत. मग त्याच्या ध्यानात आलं की तळघरातून गाडीपर्यंत आणि गाडीतून हॉलपर्यंत ही फळं उघडी नेली तर गारठून दगड होतील. काहीतरी पांघरायला हवं. त्याने इकडेतिकडे पाहिलं. बाकाखाली बिस्किटांचा डबा होता.

पाच वाजता हॉल गच्च भरला. उकडलेल्या करंज्यांसारखे पिरोहे वाढून झाले. बाजावाले सूर लावत होते. ओरेस्टने टोमॅटोंचा क्रेट उचलून पुढच्या टेबलावर ठेवला, चमच्याने ग्लास वाजवला, आणि डार्का स्वयंपाकघराच्या दारात हात पुसत येऊन उभी राहिली. क्रेटवर काय आहे ते तिने पाहिलं. टोमॅटोंवर तिचाच रुश्निक पांघरला होता. ती पुढे निघाली, पण मध्ये नऊ टेबलं होती.

"मित्रहो," ओरेस्ट म्हणाला, "शब्द दिला होता. हे घ्या!"

आणि त्याने कापड ओढलं.

हॉलमध्ये छताला सोळा पांढऱ्या ट्यूब होत्या. त्यांच्या लख्ख उजेडात एकशे सहा टोमॅटो होते, आणि ते हिरवे होते. हिरवे म्हणजे कच्च्या पेरूसारखे हिरवे. दोनचारांच्या बुडाला किंचित पिवळसर छटा होती, एवढंच काय ते समाधान.

पुढच्या टेबलावरच्यांनी माना लांब करून क्रेटमध्ये डोकावलं.

"ओरेस्ट," मागून कुणीतरी म्हणालं, "सॅलड करायचं की लोणचं घालायचं?"

"दगड म्हणून सरकवा! कर्लिंगच्या मैदानावरच नेऊन!"

गोद्री उभा राहिला. "काका, फसवणुकीचा गुन्हा नोंदवू का? साक्षीदार दोनशे आहेत."

हॉल फुटला. फादर बोहदान रुमालात तोंड खुपसून हसत होते. ओरेस्ट एक टोमॅटो उचलून उजेडाकडे धरत होता, फिरवत होता, जणू चूक ट्यूबची असावी. पण पेत्रुन्या हसत नव्हती. तिने टेबलावर पडलेलं कापड उचललं होतं आणि हात लांब करून सगळ्यांसमोर उलगडलं होतं.

"आणि हे काय म्हणायचं?" ती म्हणाली.

डार्काने पांढऱ्या उजेडात आपलं काम पहिल्यांदाच पाहिलं. वेल निम्मी लाल होती, निम्मी विटकरी, मध्येच एक पान भडक गुलाबी. आणि पक्षी! काळे भरायचे पक्षी. एकाचं डोकं बाटलीसारखं हिरवं, मान जांभळी, शेपूट निळी. दुसऱ्याचं अंग पट्ट्यापट्ट्यांचं, आणि एक पाय हिरवा, एक जांभळा. काळा रंग फक्त डोळ्यांत होता. दोघं चोचीला चोच लावून, कुठल्यातरी जत्रेतून रंग फासून आल्यासारखे बसले होते.

"हे शक्य नाही," डार्का म्हणाली. ती टेबलापर्यंत पोचली होती. "मी पाकिटं केली होती. क्रमांक घातले होते. पाकीट एक काळं, पाकीट दोन लाल."

ओरेस्टने हातातला टोमॅटो हळूच क्रेटमध्ये ठेवला.

"डार्का," तो म्हणाला, "ऑक्टोबरमध्ये एकदा तो डबा माझ्या पायाने उपडा झाला होता."

"काय?"

"सगळे दोरे जमिनीवर. तुला वाईट वाटेल म्हणून बोललो नाही. पण मी सगळे नीट परत लावले हां! रात्री तासभर बसून. एकेक लडी, रंग बघून बघून."

"कुठल्या उजेडात बघून?"

ओरेस्टची नजर टोमॅटोंवर गेली आणि तिथेच राहिली.

"अगं, पण तू?" पेत्रुन्या डार्काकडे वळली. "तू तर सगळं तीनतीनदा तपासतेस ना?"

"तपासलं," डार्का म्हणाली. "दर आठवड्याला तीनदा तपासलं." ती थांबली. मग तिने अगदी प्रामाणिकपणे, अहवाल द्यावा तसं सांगितलं, "तिन्ही वेळा त्याच दिव्याखाली."

यावर हॉल जो हसला, तसा तो हिरव्या टोमॅटोंनाही हसला नव्हता. स्वयंपाकघरातल्या बायका दारात येऊन हसत होत्या. बाजावाल्याने भात्यातून एक लांब हुंकार काढला. डार्काच्या कानांच्या पाळ्या तापल्या. आता पोटात गोळा येणार, म्हणून ती वाट पाहत राहिली. गोळा आला नाही. तिने आणखी थोडी वाट पाहिली. दीड वर्षं ज्याची धास्ती घेतली होती तो हाच प्रसंग होता, गाव हसत होता, आणि तिच्या हातापायांना काहीही झालेलं नव्हतं. उलट पक्ष्याच्या त्या एका जांभळ्या पायाकडे बघून तिला स्वतःलाच हसू येऊ लागलं होतं, आणि ते आवरेना.

"थांबा, थांबा रे सगळे!" पेत्रुन्याने कापड डोळ्यांजवळ नेलं. हॉल हळूहळू शांत झाला, कारण पेत्रुन्याचा हा आवाज सगळ्यांना ओळखीचा होता. तिच्या हाती काहीतरी लागलं होतं. "चोचीला चोच. जोडी. डार्का सावचिन, चर्चच्या बाजारासाठी कुणी जोडी भरतं का गं?"

डार्का एप्रनच्या नाड्या पुन्हा बांधू लागली.

"हा लग्नाचा रुश्निक आहे!" पेत्रुन्या ओरडली. "ऑक्टोबरपासून भरतेय ही, आणि आम्हाला सांगते 'अजून ठरलं नाही'!"

"लग्नाचा?" ओरेस्ट म्हणाला. "मला वाटलं कोंबड्या आहेत."

"तू गप रे! गुडघ्याला बाशिंग बांधून फिरतोयस दीड वर्ष, आणि समोर रुश्निक भरला जातोय ते दिसलं नाही?"

"त्या उजेडात काहीच नीट दिसत नाही," ओरेस्ट पुटपुटला. त्याचा चेहरा मात्र आता कुठल्याही टोमॅटोपेक्षा लाल होता.

तेवढ्यात डार्काच्या एप्रनच्या खिशातला फोन वाजला. तिचे हात अजून ओलेच होते. पेत्रुन्याने न विचारताच तो काढला, बघितला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असा करून टेबलावर, हिरव्या टोमॅटोंच्या शेजारी ठेवला.

"ताई!" मारुस्याचा आवाज सोळा ट्यूबांखाली घुमला. "मलांकाच्या शुभेच्छा! उद्यापर्यंत दम निघाला नाही म्हणून आजच केला. ती नर्स दारात उभी आहे गं. काय सांगू तिला? हो की नाही? आणि खबरदार 'बघते' म्हणालीस तर!"

दोनशे माणसं फोनकडे बघत होती. फक्त ओरेस्ट डार्काकडे बघत होता. त्याने नेहमीचा प्रश्न विचारला नाही. त्याने श्वासही घेतला नसावा.

डार्काला एकाएकी वाटलं की उत्तर कधीच निघालेलं होतं. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात, कापडात पहिली सुई घातली तेव्हाच. राहिली होती ती फक्त सही. तिने एप्रनला हात पुसले आणि फोनवर वाकली. हॉलच्या शेवटच्या टेबलालाही ऐकू जावं म्हणून, आयुष्यात कधी नव्हे इतक्या मोठ्याने ती म्हणाली,

"मारुस्या, खोली त्या नर्सला दे. मी येत नाही. मी ओरेस्टशी लग्न करतेय."